बैल पारखून, कुत्रा भाळून

यवतमाळ जिल्ह्यात बैलजोडी घ्यायची ठरली की घरातला सगळ्यात जाणता माणूस बाजारात जातो. तो आधी बैलाचा जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, चार दाती आहे की जुळला आहे, हे हेड्याच्या तोंडून ऐकण्यावर त्याचं समाधान होत नाही. मग खूर, मग खांदा, मग अंगावरचा भोवरा शुभ जागी आहे की नाही. चार पावलं चालवून बघतो. ‘मारका तर नाही ना?’ असं विचारतो आणि उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतःच मागे जाऊन उभा राहतो. एवढं झाल्यावर रुमालाखाली बोटं दाबली जातात आणि भाव ठरतो. त्याच घरात कुत्रा आणायचा ठरला की मात्र जाणता माणूस पेपर वाचत बसतो आणि निर्णय बारावीतला मुलगा घेतो, तोही मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघून. बैल वखराला जुंपायचा असतो म्हणून पारखायचा, आणि कुत्रा नुसता ‘पाळायचा’ असतो म्हणून त्याच्यावर भाळायचं, असा हा हिशेब आहे. हिशेब उलटा आहे. बैल गोठ्यात बांधता येतो आणि नाहीच जमलं तर बाजारात विकता येतो. कुत्रा दहा-बारा वर्षं दिवाणखान्यात राहतो आणि एकदा लळा लागला की विकतच काय, फुकटही देता येत नाही. त्यामुळे आधी दात कुणाचे बघावेत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मोठ्या टेरियरच्या बाबतीत तर तो फारच विचारण्यासारखा आहे.

टेरियर म्हटलं की मांडीवरचा झिपऱ्या कुत्रा डोळ्यांपुढे येतो. पण त्या घराण्यातला थोरला म्हणजे एअरडेल. खांद्यापर्यंत 56 ते 61 सेंटिमीटर उंच, वजन साधारण 20 ते 30 किलो, पाठ काळी, पाय तांबूस, केस काथ्यासारखे राठ आणि तोंडावर एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाला शोभेल अशी दाढी. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात एअर नावाची नदी आहे. तिच्या काठी लोकरीच्या गिरण्या होत्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कामगारांनी पाणमांजरांमागे लागणारा ऑटरहाउंड आणि घुशी-उंदरांचा काळ असलेला टेरियर यांचा संकर करून हा कुत्रा घडवला. पाण्यात उतरणारा हवा, बिळात नाक खुपसणारा हवा आणि मालक दूर असला तरी स्वतःच्या अकलेने काम उरकणारा हवा, अशी त्यांची मागणी होती. सुटीच्या दिवशी नदीकाठी कुत्र्यांच्या जोड्या सोडून कोण किती पाणउंदीर शोधतो आणि मारतो, यावर ते पैजाही लावत. आपल्याकडे शंकरपट, त्यांच्याकडे उंदीरपट. म्हणजे ज्या कुत्र्याचा आपण शोभेसाठी विचार करतो, तो मुळात गिरणी कामगाराचा, दिवसभर राबणारा आणि हातखर्चाला हातभार लावणारा प्राणी आहे. पारख करायची तर इथून सुरुवात करावी लागते: ह्याला कशासाठी घडवलं, आणि ते काम यवतमाळात आहे का?

घडवताना जे गुण घातले, ते यवतमाळच्या प्लॉटवर येताना वाटेत गळून पडत नाहीत. स्वतःच्या अकलेने चालणारा कुत्रा हे वाक्य ऐकायला गोड आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘ये’ म्हटल्यावर तो थांबतो, तुमच्याकडे बघतो, येण्यात काही फायदा आहे का याचा विचार करतो आणि मग ठरवतो. अल्सेशियन हुकूम पाळतो. एअरडेल हुकमावर चर्चा करतो. म्हणूनच त्याला शिकवायचं तर रागावून, दटावून काही हाती लागत नाही. थोड्या वेळाचे, मजेचे, रोज बदलणारे धडे द्यावे लागतात, आणि ते पिल्लूपणीच सुरू करावे लागतात. दुसरा गुण उकरण्याचा. घराच्या मागे तुळशीवृंदावन, कढीपत्ता आणि मोगरा असेल तर त्याच्या दृष्टीने ती तीन संशयित बिळं आहेत. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला ज्या भेगा पडतात, त्या तर त्याला खास आपल्यासाठी काढलेल्या निविदा वाटतील. तिसरा गुण पळत्याच्या मागे लागण्याचा. शेजारच्या कोंबड्या, गल्लीतली मांजरं आणि दुपारी अंगणातून जाणारी खार यांच्याविषयी त्याचं मत दीडशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. हे दोष नव्हेत, हीच त्याची नोकरी. फक्त नेमणूकपत्र यॉर्कशायरचं आहे आणि रुजू व्हायचं आहे दारव्हा रोडला.

यावर पहिला युक्तिवाद येतो तो नावलौकिकाचा. एवढा गाजलेला कुत्रा वाईट कसा असेल? गाजलेला आहे, हे खरंच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने कुत्र्यांची शाळा काढली. कर्नल रिचर्डसन हे तिचे प्रमुख, आणि आघाडीवरून चिठ्ठ्या पोचवायला त्यांच्याकडे जे कुत्रे होते, त्यांत एअरडेल नावाजलेले होते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग यांनी 1921 मध्ये व्हाइट हाउसमध्ये आणलेला लॅडी बॉय हाही एअरडेलच. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला स्वतंत्र खुर्ची होती. आमच्या जिल्ह्याने, म्हणजे एकट्या पुसदने, महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले आहेत. खुर्ची मिळवायला काय पडतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्याला या कुत्र्याविषयी आदर वाटणं साहजिक आहे. पण नीट पाहिलं तर ह्या कीर्तीतलं एकही काम यवतमाळच्या चौकोनी कुटुंबात निघत नाही. घरात आघाडी असते, नाही असं नाही, पण तिथे चिठ्ठ्या पोचवायला मुलं पुरेशी असतात.

नावलौकिक आणि काम यांच्यात किती अंतर पडू शकतं, याचा पुरावा शोधायला यॉर्कशायरला जावं लागत नाही. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात 2016 ते 2018 या काळात 13 माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली आणि त्याचा ठपका टी-1, म्हणजे अवनी, या वाघिणीवर आला. त्या गावांनी काय सोसलं, हा विनोदाचा विषय नाही. पण वाघिणीला पकडण्याच्या मोहिमेची सामग्री आठवून पाहावी: हत्ती, ड्रोन, कॅमेरे, विदेशी अत्तर आणि ऑक्टोबर 2018 मध्ये एका नामवंत गोल्फपटूचे दोन केन कोर्सो कुत्रे. केन कोर्सो ही इटलीतली धिप्पाड, राखणदार जात. ते आले, वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले, आणि वाघीण काही सापडली नाही. शेवट 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या परिसरात गोळीने झाला, आणि त्यावरचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यात कुत्र्यांना बोल लावण्यासारखं काहीच नाही. इटलीतली वाडी राखणाऱ्या जनावराला विदर्भाच्या झुडपी जंगलात वाघिणीचा माग काढायला सांगणं म्हणजे गवळाऊ बैलाकडून भाताची चिखलणी करून घेण्यासारखं आहे. बैल उत्तम, चिखलणीही उत्तम, जोडणी चुकली. अख्ख्या सरकारी यंत्रणेला जोडणीचा अंदाज येत नसेल, तर बारावीतल्या मुलाला तो व्हिडिओवरून येईल, अशी अपेक्षा धरणं त्या पोरावर अन्याय आहे.

सरकारचंच निघालं म्हणून पुढचंही सांगायला हवं. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 12 मार्च 2024 रोजी राज्यांना एक पत्र धाडलं. हिंस्र समजल्या जाणाऱ्या 23 जातींच्या आयातीला, पैदाशीला, विक्रीला परवाने देऊ नका, असा त्यात आदेश होता. आपल्याकडे पाहुणा म्हणून येऊन गेलेला केन कोर्सो त्या यादीत होताच. पिटबुल टेरियर होता, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर होता, आणि त्याशिवाय एके ठिकाणी नुसतं ‘टेरियर्स’ असंही होतं. आडनावावरून अख्खी भावकी आत घालण्याचा हा प्रकार. त्यात दाढीवाला एअरडेल आला आणि पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरही आला. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं म्हणून हे पत्र रद्द केलं. एअरडेल म्हणजे पिटबुल नव्हे, हे खरं. पण सोसायटीच्या सचिवाला हे पटवायला तुम्हाला न्यायालयाइतका वेळ मिळणार नाही. म्हणून कागद आधीच जमवावेत: केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, लसीकरणाचं पुस्तक, नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे लागेल तो परवाना. पैदासकाराकडेही नोंदणी लागते. 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. जो ‘घेऊन जा भाऊ, पाच आठवड्यांचंच आहे, लवकर रुळेल’ म्हणतो, तो हेड्या आहे असं समजून चालावं. पिल्लाची आई पाहायला मागावी, आणि आईबापाच्या मागच्या पायाच्या खुब्याचा एक्स-रे विचारावा, कारण मोठ्या जातींत खुबा निखळण्याचा आजार आनुवंशिक असतो. बैलाचे खूर बघतो तेच हे, फक्त जरा आतून.

आता हवा. यवतमाळात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर गेला तर ती बातमी होत नाही, न गेला तर होते. एअरडेलच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि खालचा मऊ. गरम होतंय म्हणून त्याला तासून गुळगुळीत करावा, ही दयाळू माणसाची पहिली चूक. त्या थरामुळेच त्याच्या कातडीला ऊन लागत नाही. खरी रीत कष्टाची आहे. जुना, मेलेला राठ केस चिमटीत धरून, वाढीच्या दिशेने, एकेक पुंजका ओढून काढायचा. केस पिकलेला असला की तो सहज निघतो आणि कुत्रा झोपेतच राहतो. वर्षातून दोनदा हे नीट करायचं तर कित्येक दुपारी जातात. मशीन फिरवली तर काम तासाभरात होतं, पण पुढच्या खेपेला केस मऊ, फिका आणि गुंता होणारा येतो. शिवाय पावसाळ्यात गोचीड असते. तिला असा राठ, दाट केस म्हणजे भाडं नसलेली खोली. कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात रोज बोटं घालून बघावं लागतं, कारण गोचिडीपासून होणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. फिरणं पहाटे आणि रात्री. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही टेकवू नयेत. उरलेला दिवस तो कूलरसमोर काढणार. विदर्भातल्या घरात कूलरसमोरची जागा वयाने, मानाने आणि भांडून मिळते. तिथे जाऊन तो आडवा झाला की आजोबा आणि कुत्रा यांच्यात समझोता घडवून आणणं हे सुनेच्या कामात वाढतं. याच घराण्यात रशियातला काळा टेरियरही आहे, सोव्हिएत सैन्यासाठी बनवलेला, याहून दुप्पट वजनाचा. तो वणीच्या उन्हात आणण्याचा विचार करणाऱ्याने आधी स्वतः घोंगडी पांघरून दुपारी कोळसा खाणीपर्यंत चालत जाऊन यावं.

दाढीचा परिच्छेद स्वतंत्र लिहावा लागतो, कारण फोटोत नेमकी तीच आवडलेली असते. एअरडेल पाणी पितो तेव्हा अर्धं पाणी पोटात आणि अर्धं दाढीत जातं. मग तो भांड्यावरून मान वर उचलतो, घरात सगळ्यात स्वच्छ कपडे कुणाचे आहेत ते बघतो, प्रेमाने त्या पाहुण्याकडे जातो आणि त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवतो. पांढऱ्या पायजम्यावर उमटलेला तो ओला नकाशा उन्हाळ्यात लवकर वाळतो. पावसाळ्यात त्यात आपली काळी माती असते. ही माती बैलगाडीच्या चाकाला सोडत नाही, ती दाढीला काय सोडणार? तिच्या गोळ्या केसाकेसाला धरून वाळतात आणि मग ओल्या फडक्याने, कंगव्याने, एकेक सोडवाव्या लागतात. जेवणाचंही असंच पारखून घ्यावं. ‘घरचं उरलंसुरलं खाईल की’ हा हिशेब वऱ्हाडी स्वयंपाकघरात चालत नाही, कारण आपलं काहीही उरलं तरी त्यात कांदा-लसूण असतोच, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. शिजवलेलं कोंबडीचं हाड टोकदार फुटतं, तेही वर्ज्य. नुसती भाकरी-दूध हे वाढत्या मोठ्या पिल्लाचं पूर्ण अन्न नव्हे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुवैद्याचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. काही गुंतागुंत झाली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं, आणि तो प्रवास खर्चात धरूनच पिल्लाची किंमत काढावी.

एवढं ऐकल्यावर पारावरून जो आक्षेप येतो, तो सगळ्यात वजनदार आहे. ‘काहून आणता बा एवढं महागाचं? आपलं गावचं मोत्या काय वाईट हाये?’ वाईट मुळीच नाही. ऊन, काळी माती आणि जोंधळ्याची भाकर या तिन्ही परीक्षा तो पिढ्यानपिढ्या देत आला आहे. पळण्याची हौस असेल त्याला मुधोळ आहे. ह्या जातीवर 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं आणि पुढे सैन्यानेही तिला प्रशिक्षणासाठी घेतलं. ज्याला घरात एक प्रेमळ, चिवट सोबती हवा आहे त्याने मोत्याच आणावा, आणि त्यालाही रेबीजची लस, नसबंदी आणि पट्टा द्यावा. गावचा आहे म्हणून ते टाळायची सवलत नाही. पण या आक्षेपाने पारखीची गरज संपत नाही. मोत्यालाही दिवसभर साखळीला बांधून रात्री भुंकला म्हणून दगड मारणारी घरं आहेत. तिथे जात देशी होती, पारख कुणाचीच नव्हती. आणि एखाद्याला खरोखरच असा कुत्रा हवा असेल की जो विचार करतो, हट्ट करतो, पोरांबरोबर तासन्‌तास चेंडूमागे धावतो, आणि ज्याच्यासाठी रोज दोन तास द्यायला घर तयार आहे, तर त्याने एअरडेल घेऊ नये असं म्हणायलाही आधार नाही. हवा त्याच्या विरुद्ध आहे, स्वभाव नाही. कूलरने हवा बदलता येते. घरात वेळच नसेल तर त्याला उपकरण निघालेलं नाही.

दुसरा आक्षेप उपयोगवाद्यांचा: शेतावर ठेवू, रानडुकरं हाकलेल. कपाशीत आणि तुरीत डुकरांनी घातलेला धुमाकूळ ज्याने पाहिला आहे त्याचा संताप समजू शकतो. पण रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखालचं जनावर आहे, परवानगीशिवाय त्याच्यामागे कुत्रे सोडणं ही शिकार ठरते. शिवाय टेरियर माघार घेत नाही, आणि सुळेवालं डुक्करही घेत नाही. दोघांच्या या समान गुणाचं बिल पशुवैद्याकडून येतं. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास रात्री बांधावर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रण. मग निदान घराची राखण? त्यासाठी भुंकणं पुरतं, आणि खरं तर भुंकण्याची नुसती शक्यताही पुरते. ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पत्र्याची पाटी तेच काम विनातक्रार करते. तिसरा आक्षेप मुलांच्या काळजीचा आहे आणि तो मुळात बरोबर आहे. एअरडेल मुलांशी सहसा मायेने वागतो, पण 25 किलोंची माया अंगावर धावत आली की तीन वर्षांचं मूल पालथं पडतं. लहान मूल आणि कुठल्याही जातीचा कुत्रा, दोघांना एकटं सोडू नये. जेवत असताना त्याच्या भांड्यात हात घालायचा नाही, हे मुलाला शिकवावं. बैलाच्या मागून जायचं नाही, हे आपण शिकवतोच.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते जुंपणार कोण, यावर. एकत्र कुटुंबात कुत्रा सगळ्यांचा असतो, म्हणजे सकाळी पाच वाजता तो कुणाचाच नसतो. आणताना मुलाचा, महिन्याने आईचा, आणि मुलगा पुण्याला शिकायला गेला की सातबाऱ्यावर नोंद नसलेल्या जमिनीसारखा बेवारस. यावर एकच उपाय सुचतो, आणि तो स्वस्त आहे: पिल्लू आणण्याआधी महिनाभर कुत्र्याविना कुत्रा पाळून पाहावा, आणि महिना मे असावा. बाजारातून पट्टा आणावा. रोज पहाटे पाचला आणि रात्री नऊला ठरलेल्या माणसाने तो रिकामा पट्टा हातात धरून पाऊणपाऊण तास चालून यावं. शेजाऱ्यांनी विचारलं तर खरं कारण सांगावं, अपमान सोसण्याचा सराव पुढे उपयोगी पडतो. दुपारी अर्धा तास खोबऱ्याच्या काथ्याची दोरी घेऊन एकेक धागा चिमटीने ओढत बसावं. कुत्र्याच्या खाण्याचा, लसीचा, औषधाचा खर्च दर आठवड्याला डब्यात टाकावा आणि त्याला हात लावू नये. कूलरसमोर एक उशी ठेवून तिथे कुणी बसायचं नाही, असं आजोबांना सांगून पाहावं. एका रविवारी लग्नाचं आमंत्रण असताना ‘कुत्र्याजवळ कोण थांबणार?’ हा वाद पूर्ण घालावा, अर्धवट सोडू नये. महिना संपल्यावर पट्टा कुणाच्या हातात उरला आहे ते बघावं, आणि पिल्लू आणायचं तर त्याच माणसाच्या नावावर, त्याच्याच पसंतीचं आणावं. पट्टा आठ तारखेपासूनच खुंटीला लटकत असेल, तर डब्यातल्या पैशांतून पत्र्याची एक चांगली मोठी, लाल अक्षरांची पाटी रंगवून घ्यावी. बाकीचे पैसे उरतील.